मधाच्या रंगाचा रुपया

परळीत पांढरे काही फार काळ पांढरे राहत नाही. सकाळी दोरीवर टाकलेली चादर दुपारी काढताना हाताला किंचित खरखरीत लागते आणि तिच्या घडीत विझलेल्या चुलीचा कोरडा वास बसलेला असतो. वीज केंद्राची राख इथे कोणाला विचारून येत नाही. मी बदली होऊन आले तेव्हा शेजारणीने धीर दिला होता, “व्हईल सवय.” तशी ती झाली. आता माझ्या पांढऱ्यातच थोडा करडा मिसळला आहे, आणि तो मिसळला आहे हे कित्येक दिवस ध्यानातही येत नाही. ध्यानात आले की मला केजचे माझे घरमालक आठवतात, आणि ओट्यावर उभे राहून समोरच्या घराकडे तोंड करून त्यांनी घातलेली हाक ऐकू येते.

“ओ वैनी, ते लाल लुगडं काढा तेवडं दोरीवरनं. रुपया लाजायलाय.”

समोरच्या वहिनी निमूट लुगडे काढीत. गल्लीतल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नसे. सकाळी साडेदहाच्या सुमारास मामांच्या ओट्यावर एखादे जुने नाणे फोटोला बसलेले असते, आणि त्या वेळात समोर रंगीत कपडा वाळत घातला तर त्याची छटा नाण्याच्या अंगावर उतरते, हे ज्ञान त्या गल्लीत शाळेत न गेलेल्यांनाही होते.

गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणे. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली मी भाड्याने घेतली होती आणि तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवीत होते. मामांचा एकेकाळी बाजारात फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या खिशात मोबाईल आले तेव्हा त्यांनी तो बंद केला, पडदे विकले, लाकडी खुर्ची घरी आणली आणि माणसांचे फोटो काढायचे कायमचे सोडून दिले. “माणसाला आपला फोटू आवडावा लागतो,” ते म्हणत. “नाण्याला तसलं काय न्हाई.” त्यानंतर त्यांनी नाण्यांना धरले. निजामाच्या काळातला चांदीचा हाली रुपया, मधोमध भोक असलेला पैसा, झिजून गुळगुळीत झालेली तांब्याची शिवराई: जुन्या नाण्यांचे शौकीन जिथे जमतात अशा एका ऑनलाइन ग्रुपात ते रोज एक नाणे मांडीत. बघणारे पुष्कळ, घेणारे थोडे. मामांना त्याचे वैषम्य नव्हते. कोणी फोटो पुरता उघडण्याआधीच ‘शेवटचा भाव बोला’ असे लिहिले, तर ते उत्तर देत, “आधी मागची बाजू बघा.”

त्यांची मांडणी एखाद्या पूजेसारखी असे, फक्त देवाच्या जागी नाणे. जुन्या छत्रीचे काळे कापड ओट्यावर अंथरायचे. कापडाखाली, नाण्याच्या एका कडेला टेकू म्हणून, मामींकडून मागून आणलेली कणकेची इवलीशी गोळी ठेवायची. “ह्या घरात पहिली पोळी रुपयाची,” मामी म्हणत आणि गोळी देत. मग शिलाई यंत्राच्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेला कॅमेरा खाली झुकायचा, आणि सगळे थांबायचे. समोर भाऊंचे दुमजली घर होते. त्याच्या चुना दिलेल्या भिंतीवर ऊन चढे आणि तिथून उलटून मामांच्या ओट्यावर येई. येताना त्यातला कडकपणा भिंतीतच राहून जाई.

“थेट ऊन नाण्याला झोडपतं,” मामा सांगत. “भिंतीवरनं आलेलं ऊन नाण्याला विचारून बसतं.”

मी कवितेत वाढलेली बाई. पण उजेडाविषयी इतके नेमके वाक्य मला तोवर सुचलेले नव्हते, आणि ते मामांना वाक्य म्हणून सुचलेले नाही याचा मला थोडा राग येई.

हाली रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या मधल्या कमानीत एक अगदी बारीक अक्षर कोरलेले असते, निजामाच्या नावातले. उजेड कमानीत शिरला तरच ते दिसते, आणि शौकिनांचा जीव त्या अक्षरात असतो. मामा बटण दाबण्याआधी मला हाक मारीत. “मॅडम, वाईच बगा. दारातलं अक्षर दिसतंय का?” मी वाकून पाही. थंड धातूचा, घामाचा आणि कुठल्यातरी देव्हाऱ्यातल्या कापराचा वास नाकात शिरे. अक्षर दिसे. मी होय म्हणे, आणि मामा समाधानाने मान हलवीत. हा मला दिलेला मान आहे असे मी समजत होते.

कॅमेऱ्यात रंग आपोआप सुधारून घेण्याची सोय होती. ती त्यांनी बंद करून टाकली होती. “आपोआप सुदारतो म्हंजी आपोआप लबाडी करतो.” भाऊंच्या भिंतीचा पांढरा त्यांनी एकदा कॅमेऱ्याला दाखवून ठेवला होता, तो पांढरा म्हणजे पांढरा, मग त्यात फेरफार नाही. नाणे धुवायचे नाही, चिंच लावायची नाही, राखेने घासायचे नाही. आणि प्रत्येक फोटोखाली शेवटी तीच तीन वाक्ये: डाग मूळचा. घासलेले नाही. दिसते तसेच आहे.

त्या तिसऱ्या वाक्यावर मामा उभे होते. एरवी त्यांच्याजवळ लोकांनी हेवा करावा असे काही नव्हते; पण ग्रुपात दूरदूरची माणसे नाणे हातात न घेता केवळ त्यांच्या फोटोवर विश्वासत, आणि हा विश्वास ते रोज सकाळी चष्म्यासारखा पुसून ठेवीत.

फोटोखालचा बाकीचा मजकूर लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण मी मराठीची. पहिल्याच दिवशी मी एका रुपयाविषयी लिहिले की तो चंद्रासारखा शांत आहे. मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“चंद्र कावून आणलाव मधी?”

“शोभा येते.”

“शोभा म्हंजी टचअप. काढा त्याला.” कागद परत देत ते म्हणाले, “अन् शांत कसा? रुपया कवा शांत असतो?”

विशेषण हे त्यांच्या लेखी तोंडाला फासलेली पावडर होते. मी ‘सुंदर’ लिहावे, त्यांनी खोडावे, मी ‘दुर्मीळ’ लिहावे, त्यांनी विचारावे, “तुमी किती बगितले?” दोन वर्षे मी वर्गात मुलांना अलंकार शिकवले आणि घरी येऊन ते एकेक उतरवून ठेवले. माझे गद्य त्या काळात सुधारले, असे काही स्नेही म्हणतात. कविता थांबली, हे कोणी म्हणत नाही.

टचअपचा त्यांना एवढा तिटकारा का, हे मला मामींकडून कळले. तो तिटकारा पश्चात्तापातून आला होता, आणि पश्चात्ताप भिंतीवर चौकटीत टांगलेला होता.

तरुणपणी मामा दुसऱ्याच्या स्टुडिओत कामाला होते, मागच्या अंधाऱ्या खोलीत. पुढे उस्ताद लग्नाच्या मुलींचे फोटो काढीत. मागे मामा निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून त्या मुलींचे डाग, तीळ, देवीचे वण बुजवीत. तालुक्यातल्या कितीतरी मुली त्यांच्या पेन्सिलीने गोऱ्या झाल्या आणि लग्न झाल्यावर पुन्हा सावळ्या झाल्या. मुली त्यांनी कधी पाहिल्या नाहीत, फक्त निगेटिव्ह पाहिल्या, आणि निगेटिव्हमध्ये सगळ्या सारख्याच भुतासारख्या दिसतात. पुढे कधीतरी मध्यस्थाने खुद्द त्यांच्याच घरी एक फोटो आणला. मांजरसुंब्याकडची मुलगी. तजेलदार चेहरा, नितळ कपाळ. मामा बघताक्षणी हो म्हणाले.

“अन् मग बगायला आले,” मामी भाकरी थापता थापता सांगत होत्या. “मी वर बगितलं, तर ह्यांचं त्वांड असं झालं, जसं कुणी चोरी धरली. हितं बगा,” त्यांनी पिठाच्या बोटाने डाव्या भुवईच्या वर दाखवले. “ल्हानपणी गाडीचं जू लागलेलं. फोटूत न्हवतंच ते. कुणी बुजवलं? ह्यांनीच. सोताच खोटं केलं अन् सोताच फसले. आता नकार कुन्या तोंडानं देणार?”

“नकार द्यायचाच न्हवता,” मामा ओट्यावरून म्हणाले.

“द्यायची सोय न्हवती म्हणा.”

तो फोटो अजून त्यांच्या मधल्या खोलीत होता. मामा आत आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. “मॅडम, ह्या एका फोटूपायी मी पेन्सिल टाकली. म्हणलं, आता जे हाय तेच दाखवायचं.” मग मामींकडे वळून, अगदी सहजपणे, “अन् गंमत बगा, तो वण बी गेलाच. वयानं बुजला. पेन्सिल न लावता.”

मी मामींकडे पाहिले. चुलीच्या धगीने त्यांचे कपाळ घामेजले होते आणि तो वण, ज्वारीच्या दाण्याएवढा, कुंकवाच्या वर स्वच्छ चमकत होता. मामींनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवले. पीठ ओठाला लागले.

मला वाटले, हे प्रेम. माणूस तीसचाळीस वर्षे एका चेहऱ्याबरोबर राहिला की चेहऱ्यावरचे दोष त्याच्यापुरते विरघळतात, असे काहीतरी मी त्या रात्री वहीत लिहिलेही. विशेषणे भरपूर होती.

त्याच सुमारास भाऊंनी भिंत रंगवली. भाऊ नगरपंचायतीच्या निवडणुकीत दोनदा हरलेले आणि तिसऱ्यांदा हरायला मनापासून तयार असलेले गृहस्थ. कोणा ज्योतिष्याने त्यांना सांगितले की घराचे तोंड पिवळे करा, यश येईल. पण भडक पिवळा त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, चालेना, तेव्हा तडजोड होऊन लोण्याला हळदीचे बोट लागावे असा एक फिकट रंग ठरला. दिवाळीच्या तोंडावर तो भिंतीला बसला. ताज्या रंगाचा वास अजून गल्लीत होता तेव्हा मामा ओट्यावर आले, भिंतीकडे पाहिले आणि भाऊंना मोठ्याने म्हणाले,

“भाऊ, भिंत काय पांढरीशिप्पट केलीव. लई उपकार झाले बगा.”

भाऊंनी एकदा मामांकडे पाहिले, एकदा भिंतीकडे, आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी मामांना रामराम घालणे सोडले. मामा मला विचारीत, “भाऊ कावून फुगलाय?” मी म्हणे, राजकारणी माणूस, काही सांगता येत नाही.

मला भिंत पिवळी दिसत होती. मामींनाही दिसत होती. पण ज्या माणसाने वहिनींचे लाल लुगडे वर्षानुवर्षे दोरीवरून उतरवले, त्याला अख्खी भिंत दिसली नसेल असे कोणाच्याही मनात कसे येणार? आम्ही सगळ्यांनी तो टोमणा समजला, आणि चांगला टोमणा मारला म्हणून मनातल्या मनात मामांना दादही दिली.

हिवाळ्यात त्यांनी आपला सर्वांत आवडता हाली रुपया काढला. इतकी वर्षे तो ते कोणाला दाखवीत नसत. एका सकाळी छत्रीच्या कापडावर त्यांनी तो ठेवला आणि मी वाकून पाहिले, तर त्याच्यावर असा काही उबदार उजेड पसरला होता की चारमिनाराच्या कमानीत कोणी दिवा लावून ठेवला आहे असे वाटावे. माझ्या तोंडून निघून गेले, “मधाच्या रंगाचा आहे हो.”

मी ते लिहिले आणि खोडले जाण्याची वाट पाहत बसले. मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “हाय तसा.”

दोन वर्षांत टिकलेले ते माझे पहिले विशेषण. मी दिवसभर हवेत होते. ग्रुपात त्या फोटोला मिळाली तेवढी वाहवा आधी कशालाच मिळाली नव्हती. सोलापूरकडच्या एका जुन्या संग्राहकाने, ज्याच्या शब्दाला ग्रुपात वजन होते, तो रुपया मागितला. चांदीवर वयाने असा रंग चढलेला क्वचित मिळतो, त्याने लिहिले. मामांनी रुपया कापसात गुंडाळून पाठवला. पाठवताना त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी सासरी निघाल्यासारखे काहीतरी होते, आणि मामींनी ते ओळखून त्यांना दुपारी शिरा केला.

आठवड्याभराने संग्राहकाने ग्रुपात दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. एक मामांचा. दुसरा त्याने स्वतः काढलेला, खिडकीजवळ, तळहातावर ठेवून. खाली एवढेच लिहिले होते: “रंग चढवून विकला आहे. यांचे ‘दिसते तसेच आहे’ आपण सगळे वाचत आलोच आहोत.”

मी कॉलेजला निघाले होते. मामा ओट्यावर लाकडी खुर्चीत बसले होते आणि मोबाईल त्यांनी नाकापाशी धरला होता. त्या दिवशी काळे कापड अंथरलेले नव्हते.

“मॅडम, बसा वाईच.” त्यांनी मोबाईल पुढे केला. “ह्ये दोन फोटू. एक माजा, एक त्यांचा. दोनी सारकेच हायेत. मग हा माणूस असं कावून लिवतो?”

मी पाहिले. एका फोटोत मध होता. दुसऱ्यात चांदी होती, जुनी, थोडी काळवंडलेली, कमानीत सावली असलेली, स्वच्छ करडी चांदी.

“सांगा की. सारकेच हायेत ना?”

मामी दारात आल्या. हाताला कणीक तशीच होती.

“मामा,” मी म्हणाले, “तुमचा पिवळा आहे.”

“मधाच्या रंगाचा.”

“नाही. पिवळा.”

मध माझाच होता, आणि तो मीच पुसत होते.

“कॅमेऱ्यात म्या कायबी बदललं न्हाई,” ते सावकाश म्हणाले. “भिंत पांढरी. मग पिवळा आला कुटनं?”

“आवो, भिंत पिवळी हाय,” मामी म्हणाल्या.

“कवापसनं?”

“दिवाळीपसनं.”

“अन् तू बोलली न्हाईस?”

“तुमी भाऊला शाबासकी दिली की, पांढरी केली म्हणून. मला वाटलं टोमणा मारायलेत. सगळ्या गल्लीला तसंच वाटलं.”

मामा उठले. गल्ली ओलांडून भिंतीपाशी गेले, तिच्यावर तळहात ठेवला आणि इतके जवळ झुकले की नाक भिंतीला टेकले. खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला आणि भाऊ बाहेर आले.

“काय मामा? आज काय म्हणायचंय आमच्या भिंतीला?”

“भाऊ, ही पिवळी हाय का?”

“आता सरळच विचारायलाव का? इतके दिस टोमणे ऐकून घेतले आमी.”

“टोमणा न्हाई, भाऊ,” मामा म्हणाले. “मला दिसंना.”

भाऊंनी मामांचा हात धरला आणि गल्ली ओलांडून त्यांना परत ओट्यावर आणून सोडले. गल्ली म्हणजे दहा पावले. मामा रोज ती एकटे ओलांडीत.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, आणि जुना. नेत्रतज्ज्ञ म्हणाले की तो इतक्या हळू पिकतो की माणसाला आपले जग पिवळसर होत चालल्याचे समजत नाही. तो त्यालाच पांढरे म्हणू लागतो. मला दारातल्या अक्षराची आठवण झाली. तो मान नव्हता. मामा माझे डोळे उसने घेत होते.

आणि त्या मधाच्या रुपयाचे म्हणाल, तर त्याच्यावर तीन थर होते: भिंतीचा पिवळा, मामांच्या डोळ्यांतला पिवळा आणि माझ्या शब्दातला. त्यातले पहिले दोन निदान नकळत लागले होते.

मामांनी ग्रुपात त्याच दिवशी लिहायला लावले, “फोटो पिवळा आहे. नाणे पांढरे आहे. चूक फोटो काढणाऱ्याची, नाण्याची नाही.” रुपया परत मागवला. शस्त्रक्रियेला मात्र ते तयार होईनात. त्यांचे कारण त्यांच्याच जातीचे होते.

“डोळ्यात बनावट भिंग बसिवणार. म्हंजी टचअपच की. मग जे दिसंल ते माजं का भिंगाचं?”

मामींनी समजावले, भाऊंनी समजावले. भाऊ तर आता रोज येऊन बसत, कारण त्यांच्या मनावर अबोल्याचे ओझे होते. कशाचा उपयोग होईना. शेवटी मामांना त्यांच्याच वाक्याने गाठले. दिवाळीपासूनचे सगळे फोटो दुरुस्त करायचे होते. कुठल्या नाण्याचा खरा रंग कोणता, हे एकेकाखाली लिहायचे होते. आम्ही बसलो. मी एक नाणे उचलले आणि म्हणाले, “तांबूस.” मामी म्हणाल्या, “तांबूस कुटला, काळाच हाय.” भाऊ म्हणाले, “मला तर बदामी वाटतो.” मामा एकेकाच्या आवाजाकडे तोंड वळवून ऐकत राहिले. त्यांच्या ओट्यावर त्यांच्या नाण्याविषयी तीन माणसे भांडत होती आणि त्यातले कोण खरे, हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या डोळ्यानं ‘दिसते तसेच आहे’ लिवायचं, त्यापरीस भिंग बरं.”

भाऊंनीच त्यांना आपल्या जीपने अंबाजोगाईला नेले. एकेक करून दोन्ही डोळे झाले; तोवर मामा तिथेच राहिले, मामी घरी. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी परतताना केजच्या चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फलक लागलेला होता. मामांनी जीप थांबवायला लावली आणि काळ्या चष्म्याआडून बराच वेळ तो न्याहाळला.

“भाऊ, ह्यो कोन?”

“मीच की.”

“गोरे लई झालाव. अन् नाकाचा उतार कुणी काढला? हात कच्चा हाय त्याचा.”

“आता मात्र टोमणा हाय,” भाऊ म्हणाले, आणि समाधानाने त्यांनी गिअर टाकला.

घरी परत आलेला रुपया कापसात वाट पाहत होता. मामांनी हात धुतले, काळा चष्मा काढून ठेवला, ओट्यावर बसले, कापूस उलगडला. मी आणि मामी दोन्ही बाजूंनी उभ्या. त्यांनी रुपया कडेने धरून, भिंतीचा उजेड टाळून, उघड्या आकाशाकडे तिरका केला. या वेळी मला हाक मारली नाही.

“दारातलं अक्षर दिसतंय,” ते म्हणाले. आणि रुपया उलटून, “साधाच हाय की. चांदीचा असतो तसा.”

त्यांच्या आवाजात जे होते तो आनंद नव्हता. माणसे नवी दृष्टी आली की फुले, आकाश वगैरे पाहून हरखतात असे मी वाचले होते. मामांच्या वाट्याला मात्र आपला सर्वांत लाडका रुपया इतर रुपयांसारखा असल्याचे दर्शन आले. त्यांनी तो काळ्या कापडावर ठेवला आणि मामींनी पुढे केलेला चहा घ्यायला मान वर केली.

कप तसाच राहिला. मामांनी हात उचलून मामींच्या डाव्या भुवईवर बोट टेकवले.

“ह्ये कवा लागलं?”

“काय?”

“ह्ये. कशानं लागलं?”

“जू,” मामी म्हणाल्या. “ल्हानपणी.”

“पर तो तर गेलता.”

“गेलता कुटं? रोज त्याच्याच खाली कुंकू लावते मी.”

मामांचे बोट तिथेच होते. समोरच्या पिवळ्या भिंतीवरून उलटलेले ऊन मामींच्या चेहऱ्यावर पडले होते. त्यांचे केस बहुतेक पांढरे झाले होते, गालांवर वांग आले होते, हनुवटीखाली कातडी सैल पडली होती, आणि मामा हे सगळे एकदम, एकाच सकाळी पाहत होते. मी आत जायला वळले. प्रेम म्हणून मी जे वहीत लिहून ठेवले होते तो मोतीबिंदू निघाला होता, आणि आता इथे जे चालले होते त्याला काय म्हणावे हे मला ठरवता येत नव्हते.

“मॅडम, जाऊ नका,” मामा म्हणाले. “लिवायचंय. सगळ्या दुरुस्त्या आजच घालू.”

मी कागद घेऊन बसले. त्यांनी एकेक नाणे उचलावे, तसेच आकाशाकडे धरून पाहावे, रंग सांगावा, मी लिहावे. काळसर. तांबडा. राखी. प्रत्येकाखाली तेच: चूक फोटो काढणाऱ्याची, नाण्याची नाही. मामी उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. वहिनींनी समोर लाल लुगडे दोरीवर टाकले आणि मामांनी नुसते वर पाहताच काढूनही घेतले. शेवटचे नाणे झाले तेव्हा मामींनी गुडघ्यावर हात टेकवून उठता उठता विचारले,

“सगळ्यास्नी लिवलं. अन् माज्याखाली काय लिवताव?”

मामांनी कागदाकडे पाहिले, मधल्या खोलीतल्या चौकटीकडे पाहिले, मग पुन्हा मामींकडे.

“लिवा, मॅडम,” ते म्हणाले. “डाग मूळचा. मधी दिसत न्हवता, चूक बगणाऱ्याची.”

मी लिहिले. त्यांनी कागद मागून घेतला, नेहमीसारखा जवळ न नेता गुडघ्यावर ठेवूनच वाचला, आणि कशावरही काट मारली नाही.

“बरं हाय,” मामी म्हणाल्या, आणि उद्याच्या रुपयासाठी कणकेची गोळी काढून ठेवायला आत गेल्या.